घासलेली निब

सिडको, नाशिक
१८ जानेवारी २०२५

आशा,

फोन तू उचलत नाहीस. महेशला केला तर तो म्हणतो, "दाजी, ताई म्हणते काय असेल ते पत्रानं कळवा." सायखेडा इथून पंचवीस किलोमीटर. तेवढ्यासाठी पाकीट, तिकीट आणि पोस्टाची रांग. ठीक आहे. भाऊ बहिणीच्याच बाजूनं बोलणार, त्याला मी काही म्हणत नाही.

तू गेल्याला आज बारा दिवस झाले. जाताना एकच वाक्य बोललीस, "पेन दुरुस्त करून पाठवा, बाकी मला काही नको." मी ते शब्दशः धरलं आहे. पेन टेबलावरून पडल्यामुळे त्याचं दोन ठिकाणी नुकसान झालं आहे. बोटांनी धरतो तो पुढचा काळा भाग उभा चिरला आहे, त्यामुळे शाई झिरपते. आणि निबेची दोन टोकं एकमेकांवर चढली आहेत. असली कामं मी अंबडच्या कंपनीत एकतीस वर्षं केली, म्हणजे दुसऱ्यांनी केलेली तपासली. तेव्हा पेन कुठल्या दुकानात देण्याचा प्रश्नच येत नाही.

आता तुझ्या त्या चाळीस पानांबद्दल. तूच म्हणालीस, वाचून बघा. मी बघितली. सुरगाण्याच्या शाळेच्या आठवणी उद्या छापायच्या झाल्या तर त्या बिनचूक नकोत का? मी लाल शाईनं पानांवरच त्रेसष्ट शेरे काढले, आणि वेगळ्या कागदावर पान नंबरासकट त्यांची यादीही लिहून दिली. कंपनीत असा रिपोर्ट दिला की लोक तोंड वाकडं करायचे, पण माल सुधारायचे. तू म्हणालीस, "त्यात भागी होती. तुम्हाला भागी दिसली नाही का?" आता भागी ही सव्वीस वर्षांपूर्वी तुझ्या वर्गात तिसरीला असलेली पोरगी. मी तेव्हा नाशिकला नोकरीवर, तू सुरगाण्याला. मला ती कुठून दिसणार?

घरी सगळं ठीक आहे. दूध दोनदा उतू गेलं. सकाळपासून चार वेळा गॅलरीत जाऊन आलो, कशासाठी ते माहीत नाही. पेन झाला की कळवतो. तो पोस्टानं पाठवायची वेळ येऊ नये, तूच यावंस असं वाटतं.

संतोष


सिडको, नाशिक
२ फेब्रुवारी २०२५

आशा,

सोबत पेन पाठवत आहे. तू आली नाहीस म्हणून पाठवत आहे, एवढं लक्षात ठेव.

चिरलेला भाग मी नवीन करून घेतला. ललित आठवतो ना, माझ्या हाताखाली होता तो? त्याचं आता अंबडलाच स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. त्याच्या लेथवर आम्ही दोघांनी तो भाग काढला. तीन वाया गेले, चौथा बसला. ललित म्हणाला, "साहेब, नवा पेन घेतला असता तर?" मी त्याला कामाला लाग म्हटलं.

खरं काम निबेचं होतं. टोकं सरळ केली, मग भिंगाखाली धरली तेव्हा लक्षात आलं की टोक एका बाजूनं चांगलंच झिजलेलं आहे. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी, असा सरळ सरळ उतार. म्हणजे इतकी वर्षं तू वाकड्या निबेनं लिहीत होतीस आणि तुला पत्ता नाही. मी घरी धार लावायच्या ऑइल स्टोनवर दोन दिवस हळूहळू घासून तो उतार काढून टाकला. आता टोक आरशासारखं सपाट आहे. कंपनीत असतो तर मी स्वतः त्यावर ओके मारला असता. तुझं अक्षर तिरकं पडतं असं मी नेहमी म्हणायचो, ती चूक तुझी नव्हती, निबेची होती. हे मी कबूल करतो आणि माझ्याकडून ही माफीच समज.

लिहून बघ आणि दोन ओळी टाक. रविवारपर्यंत आलीस तर बरं. पोस्टमन दुपारी दोनला येतो, हे मला या महिन्याभरातच कळलं.

संतोष


सिडको, नाशिक
११ फेब्रुवारी २०२५

आशा,

पेन परत आला. आत चिठ्ठी, तीही बॉलपेननं. "लिहिता येत नाही. आशा."

आधी राग आला. मी त्याच पेननं दोन पानं लिहून बघितली, लोण्यासारखा चालतो. मग वाटलं, तू मुद्दाम करते आहेस, यायचं नाही म्हणून पेनला नावं ठेवते आहेस. चिठ्ठी दिवसभर खिशात घेऊन फिरलो. संध्याकाळी ललितकडे गेलो तर तो म्हणाला, "साहेब, मेनरोडच्या एका बोळात वत्सलाबाई आहेत. मिस्टर गेल्यापासून पेन दुरुस्तीची टपरी त्याच चालवतात. दाखवून तर बघा."

आज सकाळी गेलो. घड्याळवाल्याच्या शेजारी दीड हाताची टपरी. बाई सत्तरीच्या, कपाळावर भिंग चढवलेलं. मी निब दाखवायला लागलो तर त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतला आणि निबेकडे न बघता मागची दांडीच बोटात फिरवत बसल्या.

"बाईमाणसाचा पेन हाय."

"माझ्या मिसेसचा."

"त्यांचा हात मोडला व्हता का कधी?"

तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. त्यांनी मला दाखवलं, दांडीवर अंगठ्यानं गुळगुळीत झालेली जागा नेहमीपेक्षा खाली आहे. "बाई पेन वळवून धरत्यात. मनगट पुरतं फिरत नसंल." मग भिंग डोळ्यावर ओढून निब बघितली आणि विचारलं, "ही कोणी घासली?"

"मी."

"का?"

"एका बाजूनं झिजली होती."

"झीज कसली ओ दादा. निब हाताला बसली व्हती. त्याला ईस-पंचईस वर्सं लागली असतील. तुम्ही दोन दिवसात काढून टाकली."

आशा, मला तिथं बसायला जागा असती तर मी बसलो असतो. घाटात जीपमधून पडून तुझं मनगट मोडलं ते मला आठवतं. दीड महिना प्लास्टर होतं. ते काढल्यावर शनिवारी तू आलीस, मी विचारलं, दुखतं का, तू नाही म्हणालीस. हात बरा झाला असं मी धरून चाललो. पुढं पंचवीस वर्षं तू माझ्यासमोर त्याच टेबलावर लिहीत बसायचीस. मला मायक्रॉनचा फरक दिसतो असं मी लोकांना सांगायचो. तुझा हात कसा चालतो ते मला आज एका परक्या बाईनं सांगितलं. फार वाईट वाटलं.

वत्सलाबाईंकडे तशीच नवी निब आहे. पण त्या म्हणतात, "हात बघितल्याबिगर मी दगड लावत नाय. बाईंना आणा, माझ्यासमोर चार ओळी लिहू द्या, मग घासते." मी म्हटलं, त्या बाहेरगावी आहेत. कुठं आणि का ते सांगितलं नाही. तुला त्रास न देता काही जमतं का बघतो.

संतोष


सिडको, नाशिक
१७ फेब्रुवारी २०२५

आशा,

जमलं नाही. पण काय काय झालं ते क्रमानं सांगतो, कारण त्यात तुझा एक कागद आहे.

तू चाळीसपैकी एकोणचाळीस पानं नेलीस. चौदावं पान माझ्या फाइलच्या क्लिपखाली अडकून राहिलं होतं. ते सापडल्यावर मला वाटलं, हात नाही तर नाही, हाताचं काम तर आहे. चार दिवस त्या पानावर कोनमापक घेऊन बसलो. दोनशे बारा काने मोजले. कुठला किती अंशात झुकतो, जाड रेघ कुठं, बारीक कुठं. सरासरी काढली आणि निब किती तिरकी कापायची त्याचं रीतसर ड्रॉइंग केलं. जेवायला उठायचं विसरलो एकदा. तुला हसू येत असेल. येऊ दे.

आज ड्रॉइंग घेऊन वत्सलाबाईंकडे गेलो. त्यांनी ते घडी करून गल्ल्याखाली सारलं, गल्ला हलायचा तो थांबला म्हणाल्या. मग चौदावं पान मागितलं, डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं. "बारीक हाय. तुम्ही वाचून दाखवा, मी तवर हे टोपण बसवते."

मी म्हटलं, अक्षर बघायचंय, मजकूर कशाला? तर म्हणाल्या, "आवाज ऐकला की हात कळतो. वाचा."

मग मी वाचलं. रस्त्यात उभं राहून, मोठ्यानं.

"दिवाळी झाल्यावर भागीचे आईबाप द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे निघाले. शाळेसमोर जीप उभी होती. आत बावीस माणसं, दोन बकऱ्या, भांडीकुंडी. भागी जीपमध्ये चढली, उतरली, परत चढली. जीप हलली तेव्हा तिनं दप्तर माझ्या अंगावर टाकलं आणि ओरडली, बाई, हे ठेवा, मी"

आणि पान संपलं.

वत्सलाबाईंचा हात थांबला. "पुढं?"

"पुढचं पान माझ्याकडे नाही."

"मग तोंडी सांगा. काय म्हणाली पोरगी?"

"माहीत नाही."

"तुमच्या घरातली गोष्ट, तुम्ही वाचली न्हाई?"

वाचली होती ना. त्या पानावर माझे लाल शाईचे चार शेरे आहेत. बावीस माणसं जीपमध्ये मावतात का, असा एक आहे. पंधराव्या पानावर माझे पाच शेरे आहेत हे मला आठवतं आणि त्या पोरीनं काय सांगितलं ते आठवत नाही. घड्याळवालाही काम सोडून माझ्याकडे बघत होता. मला मान वर करवेना.

मग बाईंनी शेवटचं विचारलं, पेन मोडला कसा? मी म्हटलं, पडला, टोकं एकमेकांवर चढली. "पडलेल्या पेनाची टोकं अशी चढत नायत. हा कोणीतरी आपटलेला हाय." मी हो म्हणालो.

तुलाही मी पहिल्या पत्रात पडला असंच लिहिलं होतं, जणू तू तिथं नव्हतीस. मी शेरे वाचून दाखवत होतो, तू ऐकत नव्हतीस, एकेचाळिसावं पान लिहायला घेतलं होतंस. मी तुझ्या हातातून पेन ओढला आणि टेबलावर आपटला. तू लिहिते आहेस आणि माझ्याकडे बघत नाहीस, हे मला सहन झालं नाही. कारण एवढंच आहे.

तेव्हा आता विनंती. तू नाशिकला ये. घरी येऊ नकोस, मी असेन असंही नाही. फक्त वत्सलाबाईंकडे जा आणि चार ओळी लिहून दाखव. पेन त्यांच्याकडे ठेवला आहे. पाकिटात टपरीचा पत्ता टाकतो. तू लिहायचं थांबलीस तर ते माझ्यामुळे थांबलं असं होईल, आणि ते घेऊन मला घरात बसता येणार नाही. आत्ताही बसवत नाही.

संतोष


सिडको, नाशिक
२७ फेब्रुवारी २०२५

आशा,

तू येऊन गेलीस.

आज टपरीवर गेलो तेव्हा कळलं. "बाई परवा मंगळवारी आल्या व्हत्या. पेन घेऊन गेल्या." वत्सलाबाईंनी इतक्या सहज सांगितलं की मी नुसता बरं म्हणालो आणि बाहेर आलो. रविवार कारंजा चौकापर्यंत चालत गेलो आणि परत फिरलो. तिथून सिटी बसनं घर वीस मिनिटांवर. मंगळवारी मी दिवसभर घरातच होतो. घरी येऊ नकोस असं मीच लिहिलं होतं, ते मला माहीत आहे. तरी तू यायला हवं होतंस असं वाटलं. लिहिलं एक आणि मनात एक, हे माझं चुकलंच, पण वाटलं ते सांगतो.

परत टपरीवर जाऊन सगळं विचारून घेतलं. त्या सांगत होत्या, तू आधी चार ओळी लिहिल्यास, त्यांनी निब दगडावर दोनदा फिरवली, परत लिहिल्यास, परत फिरवली. सहाव्या वेळी तू काहीच बोलली नाहीस, नुसती लिहीत गेलीस. त्यांनी तुला बसायला स्टूल दिलं. पेन तपासायची त्यांची आख्खी वही तू संपवलीस. सायखेड्याची दुपारची गाडी गेली तरी उठली नाहीस. घड्याळवाल्यानं चहा आणला तो गार झाला.

"काय लिहिलं त्यांनी?" मी विचारलं.

"तुमच्याबद्दल काय नाय. भागीचंच."

मग हसून म्हणाल्या, "मी बाईंना पहिलं तेच इचारलं, पोरगी काय म्हणाली? त्यांनी समदं सांगितलं. शेवटपर्यंत."

"मला सांगा."

"मी का सांगू? ज्यांची गोष्ट हाय त्यांना इचारा."

मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, आशा. एकसष्ट वर्षांचा माणूस टपरीच्या फळीला धरून उभा. त्या हलल्या नाहीत. ती भरलेली वहीसुद्धा तू घेऊन गेलीस, तेही बरोबर केलंस.

पेन तुझ्या हाताला बसला याचा मला आनंद झाला. दुसऱ्या कुणी बसवला याचं थोडं दुःखही झालं. पण आता मला झोपताना, उठताना, भाजी घेताना ती जीप दिसते. बावीस माणसं, दोन बकऱ्या आणि ती पोरगी काहीतरी ओरडते आहे. मावतात ग, बावीस माणसं मावतात. मी काय शेरा मारला होता.

तुला पहिल्यांदाच विचारतो आहे, पानं हातात होती तेव्हा विचारायला हवं होतं. भागी काय म्हणाली?

संतोष


सिडको, नाशिक
६ मार्च २०२५

आशा,

दुपारी दोनला पाकीट आलं. आत एकच कागद. चिठ्ठी नाही, नाव नाही. पंधरावं पान, शाईनं नव्यानं लिहिलेलं, त्यावर माझा एकही शेरा नाही. मी ते दारातच उभ्यानं वाचलं.

"बाई, हे ठेवा, मी येईन तवा रिकामं नको." असं म्हणाली होती तर.

आणि मग तू रोज शाळा सुटल्यावर त्या दिवसाचा धडा तिच्या वहीत लिहून ठेवायला लागलीस. ती द्राक्षाच्या बागेत आणि तू इकडे तिचं दप्तर भरते आहेस. डिसेंबरात हात मोडला, प्लास्टर निघाल्यावर मनगट फिरेना, तर तिची वही मागं पडू नये म्हणून पेन वळवून धरायला शिकलीस. म्हणजे ती निब तिथून तिरकी व्हायला लागली आणि मी ती दगडावर सपाट केली.

पुढची ओळ मी तीनदा वाचली. "शनिवारी नाशिकला जाताना वही बरोबर असायची. यांनी एकदा उघडून बघितली आणि म्हणाले, अक्षर बिघडलंय."

मला हे आठवत नाही. तू लिहिलं आहेस म्हणजे म्हणालो असेन. कुणाची वही, कशासाठी, एवढं विचारलं असतं तर तू तेव्हाच सगळं सांगितलं असतंस. सव्वीस वर्षं तू ते मनात ठेवलंस, शेवटी कागदावर लिहून माझ्या हातात दिलंस, आणि मी त्यावर पाच शेरे मारले. मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

आणि मग पानाच्या तळाला: "ज्येष्ठात जीप परत आली. पाच वह्या भरल्या होत्या, दप्तराचा बंद लागत नव्हता. मी ते घेऊन शाळेच्या दारात उभी राहिले. एकेक जण उतरत होता. भागीची आई उतरली. तिच्यामागे"

इथं पान संपतं. तू हे मुद्दाम केलंस का? केलं असलंस तरी चालेल.

दोन तास घरात फेऱ्या मारतो आहे. भागी उतरली का? उतरली असेल तर तिचं नाव काढताना तुझा चेहरा का पडतो? नसेल उतरली तर त्या पाच वह्यांचं तू काय केलंस? महेशला फोन लावला होता. तो म्हणाला, "दाजी, मला ठाऊक हाय, पण ताईनं सांगू नको म्हटलंय." सगळ्या जगाला ठाऊक आहे, टपरीवाल्या बाईंना ठाऊक आहे, तुझ्या नवऱ्याला सोडून.

सोळावं पान पोस्टानं पाठवू नकोस. चार दिवस माझ्याच्यानं निघणार नाहीत. उद्या सकाळच्या गाडीनं मी सायखेड्याला येतो. हे पत्रही पोस्टात टाकत नाही, हातात घेऊन येतो. तू बाहेर आली नाहीस तर महेशकडे देईन आणि ओट्यावर बसेन. घरी चल असं म्हणणार नाही. परतीची गाडी साडेपाचला आहे, ती विचारून ठेवली आहे.

मला वाचायला देऊ नकोस. तू वाच, मी ऐकतो.

संतोष